पुढच्याने मागे बघायचं नाही

१

वहिनीची पाठ नेहमी ओली असायची. दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसणाऱ्याची पाठ खरं तर कोरडीच राहायला हवी. पण तिच्या मागे तिची नणंद बसायची, आणि नणंदेचं डावं वल्हं दर वेळी अर्धा श्वास उशिरा पडायचं. पडायचं म्हणजे आपटायचं. सगळं पाणी थेट वहिनीच्या मानेखाली. "लागलं का गं?" असं नणंद मागून विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढचं सुरू करायची.

या नणंदेला घरीदारी सगळे रेडिओ म्हणत. वय एक्कावन्न, धंदा गाडी शिकवण्याचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून सव्वीस वर्षं अखंड बोलण्याची सवय. ती घरी आल्यावर काय सुटणार? वहिनी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. औषधांच्या दुकानात उभं आयुष्य गेलेलं. बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय बाटली कुणाच्या हातात द्यायची नाही, हा तिचा नेम. आणि रेडिओचं बोलणं चालू असताना मधूनमधून "हं" म्हणायचं, हा दुसरा. अठ्ठावीस वर्षं ती "हं" म्हणत आली होती आणि दोघींचं छान चाललं होतं.

किनाऱ्यावर कयाक भाड्याने देणारी एक पत्र्याची शेड होती. तिच्या मोठ्या दारावर रंगाने उमटवलेले हातांचे ठसे होते, दोन-दोनच्या जोड्यांनी. समोरच्या बेटावर जायचं, चढून माथ्यावरच्या जुन्या दिव्याच्या खांबाला हात लावायचा आणि ओहोटीला जोर यायच्या वेळी लाल बावटा चढतो, त्याच्या आत परत यायचं. जे जमवतील त्यांचे तळवे दारावर. बावटा चढला की ओहोटीचं पाणी मधल्या पट्ट्यातून असं काही सुटायचं, की सकाळपर्यंत कुणी बोट काढायची नाही. कुणाला आणायला जायचं असलं तरी नाही.

दोघींनी नाव नोंदवलं तेव्हा शेडवाला हसला होता. "तुमची जोडी बादलीत सोडली तरी उलटेल," म्हणाला. ते वहिनीला चांगलंच झोंबलं. पण पहिल्या महिन्यात चार वेळा उलटल्या हेही खरं. चारही वेळा कारण एकच. रेडिओ मागून काहीतरी विचारायची, वहिनी उत्तर द्यायला वळायची, आणि बोट दोघींना पाण्यात ओतून मोकळी व्हायची.

शेवटी शेडवाल्याने नियम घालून दिले. पुढच्याने मागे बघायचं नाही, जीव गेला तरी. बोलायचं असेल तर वल्ह्याच्या दांडीने बोटीच्या कडेवर ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे चल. एक म्हणजे थांब. तीन म्हणजे वळव. निघताना पुढच्याने आधी बसायचं. मागच्याने बोट ढकलायची, उडी मारून आत यायचं आणि दोन ठोके द्यायचे. पोचल्यावर मागच्याने आधी उतरायचं आणि बोट धरायची. चाल पुढच्याची, मागच्याने ती निमूट उचलायची.

"निमूट?" रेडिओ म्हणाली. "मग मी कशाला येऊ?"

पण आली. त्यानंतर एकदाही बोट उलटली नाही.

२

हिवाळ्यातल्या एका स्वच्छ दिवशी दुपारी दोनला त्या निघाल्या. त्या दिवशी बावटा साडेपाचला चढणार होता. वहिनीचा नवरा, म्हणजे रेडिओचा दादा, घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि पक्षी बघायची दुर्बीण घेऊन वाळूत ठाण मांडून बसला. "बुडलात तर हात वर करा," म्हणाला. "मला इथून सगळं दिसतं."

"दिसून काय उपयोग? तुला पोहता येत नाही," रेडिओ म्हणाली.

तिने डोक्यावर नारिंगी टोपी चढवली. रुंद काठाची, लांबूनही डोळ्यांत भरणारी. रेडिओचा दम्याचा पंप, पाण्याच्या बाटल्या, कोरडे कपडे असं सगळं वहिनीने एका पिशवीत घालून बोटीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं. पंप आहे ना, हे तिने दोनदा पाहिलं. मग ती बसली. मागे वाळू करकरली, बोट सरकली, ढप्पकन वजन आलं. टक टक. निघाल्या.

अर्ध्या वाटेपर्यंत वहिनीची पाठ नेहमीसारखी भिजली होती. रेडिओने एवढ्यात गाडी शिकणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंची गोष्ट संपवली होती. बाई हृदयाची ऑपरेशनं करतात, पण गाडी मागे घेताना देवाचं नाव घेतात. "अगं, मी म्हटलं, डॉक्टर, आरशात बघा, मान वळवू नका!" वहिनी म्हणाली, "हं." समोर बेट मोठं होत होतं. ते शेडमधून दिसायचं त्याहून उंच निघालं. वहिनीला मनातून धास्ती वाटत होती आणि ती कुणाला कळू द्यायची तिची अजिबात तयारी नव्हती. आज जमलं नाही, तर चौपन्नाव्या वर्षी पुन्हा हिंमत होणार नव्हती.

पावणेतीनला गोट्यांच्या एका अरुंद काठावर बोट लागली. दुसरी बोट नव्हती, माणूस नव्हतं. दोघींनी बोट ओढून वर घेतली, नाक डोंगराकडे करून.

३

चढण खडी होती. खाली गुडघ्याएवढी झुडपं, मग सुटे दगड, मग नुसता उघडा खडक. वहिनी पुढे, रेडिओ मागे. पहिली दहा मिनिटं रेडिओ बोलत होती, पुढची दहा नुसती धापा टाकत होती.

"बस जरा," वहिनी म्हणाली.

"बसले तर उठणार नाही. चल तू."

माथ्यावर पोचल्या तेव्हा साडेतीन वाजत होते. दिव्याचा खांब गंजलेला, वरची काच कधीच फुटून गेलेली. वहिनीने खांबाला हात लावला आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. चारी बाजूंनी समुद्र, आणि तिकडे लांब नखाएवढी शेड. तिथून इथवर ती स्वतःच्या हातांनी आली होती. आयुष्यभर काउंटरमागे उभी राहिलेली, जिन्याचा कठडा धरून उतरणारी बाई!

"ओरड," रेडिओ म्हणाली.

"काय?"

"काहीही. कोण ऐकतंय इथे?"

मग दोघी ओरडल्या. घसा फाटेस्तोवर, शाळेतल्या पोरींसारख्या. रेडिओने घामाने भिजलेली टोपी काढून खांबाच्या आकड्याला अडकवली आणि वाऱ्यात केस मोकळे सोडले. हात लावून झाला होता, वेळ हाताशी होता. पाच मिनिटं बसून त्या उतरायला लागल्या.

थोडं खाली आल्यावर वर खांबावर आवाज झाला. टक टक.

"झाला तुझा चावटपणा सुरू?" वहिनी पुढे बघतच म्हणाली.

"मी काय केलं? मला वाटलं तू काठी आपटलीस."

वहिनीच्या हातात काठी नव्हती. पत्रा सुटला असेल, ती मनाशी म्हणाली. गंजलेलं लोखंड वाऱ्याने वाजतं, त्यात काय मोठंसं? पण वाजलं ते बरोबर दोनदाच. ती थांबून ऐकत राहिली. तिसऱ्यांदा काही वाजलं नाही.

उतरताना सुटे दगड पायाखालून पळत होते. वहिनीचं सगळं लक्ष पावलांवर. मागून रेडिओची बडबड पुन्हा सुरू झाली होती आणि वहिनी सवयीने "हं, हं" करत होती. गोट्यांवर पाय टेकले तेव्हा घड्याळात चारला पाच कमी होते.

बोट होती तिथेच होती. फक्त नाक समुद्राकडे होतं.

वहिनी क्षणभर बघत राहिली. मग तिने हिशेब लावला: भरतीचं पाणी वर आलं असणार, बोट उचलली गेली, फिरली, पाणी उतरलं. मागची सीट ओली दिसत होती, तेही त्यानेच. पुढची कोरडी कशी, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही. वेळ जात होता. तिने बोट अर्धी पाण्यात ओढली, पुढे बसली आणि वल्हं हातात घेतलं.

मागे गोटे करकरले. बोट सरकली. वजन आलं. टक टक.

४

बोट नुसती उडाली!

वहिनीला पहिल्यांदा कळलं की ही बोट अशीही जाऊ शकते. तिने वल्हं टाकलं की मागचंही त्याच क्षणी पडत होतं. पाणी कापल्याचा नुसता सुर्र आवाज. खडक मागे पडले, बेटाची सावली संपली, ऊन पाठीवर आलं.

"वा गं वा!" ती ओरडली. "एवढे दिवस कुठे लपवलं होतंस हे?"

मागून काही उत्तर आलं नाही. दमली असेल बिचारी. चढताना छाती भरून आली होती तिची.

सूर्य पश्चिमेला कलला होता, बरोबर त्यांच्या मागे. त्यामुळे दोघींच्या सावल्या पुढच्या पाण्यावर पडल्या होत्या. वहिनीची बुटकी, आणि तिच्या डोक्यावरून पुढे गेलेली दुसरी, रुंद काठाच्या टोपीची. टोपी बघून वहिनीला बरं वाटलं. मग वाटलं, एरवी रेडिओची सावली एवढी पुढे जात नाही. आज ताठ बसली असेल. शेडवाला घसा फोडून सांगायचा ते आज ऐकलं म्हणायचं.

लांब किनाऱ्यावर नवऱ्याची खुर्ची दिसायला लागली. सव्वाचार झाले होते. म्हणजे वेळेच्या किती आधी! वहिनीला हसूच फुटलं. दारावर कुठल्या जागी ठसा उमटवायचा हेसुद्धा तिने ठरवून टाकलं. डाव्या कोपऱ्यात, बिजागरीच्या वर, शेडवाल्याला रोज दार उघडताना दिसेल असा.

"मी निळा रंग घेणार," ती म्हणाली. "तू?"

काही नाही.

"रुसलीस का?"

वल्हं पडत राहिलं. डावं, उजवं. डावं, उजवं. रेडिओ रागावली की जास्त बोलते, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. छाती भरली तरी बोलते, तुटक तुटक का होईना. झोपेत बोलते. दात काढून आली होती त्या दिवशीसुद्धा तोंडात कापूस धरून बोलत होती. आणि बेट सोडल्यापासून तिने एक शब्द काढला नव्हता.

वहिनीला मानेखाली काहीतरी विचित्र वाटलं. काय ते कळायला जरा वेळ लागला. मग कळलं.

पाठ कोरडी होती.

५

आणि मग शिट्टी वाजली.

तीनदा. मागून, लांबून, बेटाकडून. लाइफ जॅकेटला बांधलेली शिट्टी, तीन वेळा म्हणजे मदत. त्यातला दाणा पडला असला की तिचा आवाज फाटका येतो. रेडिओच्या शिट्टीतला दाणा पहिल्याच आठवड्यात पडला होता. "बदलून घे," असं वहिनी तिला दहादा सांगून थकली होती.

पक्षी असेल, वहिनीने मनाशी म्हणून पाहिलं. कुणी दुसरं उतरलं असेल बेटावर. पण दुसरी बोट नव्हती. आणि असा फाटका गळा असलेला पक्षी तिच्या नवऱ्याने तिला कधी दाखवला नव्हता.

पुन्हा तीन शिट्ट्या. आता पहिल्याहून क्षीण.

रेडिओ तिकडे होती. तिचा पंप इथे, वहिनीच्या पायापुढच्या कप्प्यात. पाणी इथे, कपडे इथे. सव्वा तासात बावटा चढणार, तेवढ्यात किनाऱ्यावरून कुणाचं जाऊन-येऊन होणार नव्हतं, आणि मग सकाळपर्यंत कुणी फिरकणार नाही. थंडीत, भिजलेल्या अंगाने, भरलेल्या छातीने रेडिओची रात्र निघणार नव्हती. हे दुसऱ्या कुणाला नाही तरी तिला नक्की कळत होतं.

आणि पाण्यावर, तिच्या सावलीच्या पुढे, टोपीची सावली अजून तशीच होती. एका लयीत पुढे-मागे होत होती.

मान वळवावीशी वाटत होती. मान वळू नये असंही वाटत होतं. वळली तर बोट उलटेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि तेवढं एक कारण तिला पुरेसं होतं. तिने वल्हं उचललं आणि दांडीने बोटीच्या कडेवर ठोके दिले. टक. टक. टक. वळव.

मागचं वल्हं थांबलं. पात्यावरून पाणी गळत असल्याचा आवाज येत होता, सावकाश.

मग मागून उत्तर आलं. टक टक. चल.

समोर किनारा होता, खुर्ची होती, नवरा उभा राहून हात करताना दिसत होता. आणखी वीस मिनिटं तिने समोर बघत वल्हं मारलं असतं, तर सुखरूप पोचली असती. मागे कोण बसलंय हे न बघताच.

तिने पुन्हा दिले. टक. टक. टक.

टक टक, मागून.

आता मात्र वहिनीला राग आला. भीती होतीच, पण तिच्यावरून राग आला, चांगला खणखणीत. दुकानात दमदाटी करून चिठ्ठीशिवाय औषध मागणारे असे कितीतरी तिने परत पाठवले होते. त्यांच्याशी बोलायचा एक वेगळा आवाज तिच्याकडे होता. मोठा नाही, पण समोरच्याला हात मागे घ्यायला लावणारा.

"ऐका," ती समोर बघतच म्हणाली. "पुढे मी बसलेय. चाल माझी. त्या सीटवर बसायचं असेल, तर पुढच्याचं ऐकायचं. नाहीतर उतरायचं."

आणि तिने तीन ठोके दिले, असे की बोट थरारली.

मागे पाणी गळायचं थांबलं. मग डाव्या बाजूला, तिच्या खांद्यामागे, एक पातं पाण्यात रुतलं आणि बोट फिरायला लागली.

६

वळताना सावल्या बाजूला सरकल्या आणि मागे गेल्या. आता सूर्य समोर होता, डोळ्यांत घुसत होता. मागचं काहीच दिसत नव्हतं. दिसत नव्हतं तेच बरं होतं, असं वहिनीला तेव्हा वाटलं.

ओहोटी सुरू झाली होती. पाणी बोटीला बाजूला, उघड्या समुद्राकडे ओढत होतं. एकटीने ते तोडणं तिच्या बापजन्मात जमलं नसतं. पण एकटी ती नव्हती. तिने वल्हं टाकलं की मागचं पडायचं. तिने जोर लावला की मागून दुप्पट जोर यायचा. वहिनी मोठ्याने मोजायला लागली. "एक! दोन! एक! दोन!" आवाज आधी कापत होता, मग कापेनासा झाला. खांदे पेटले, तळव्यांना फोड आले, मिठाने ते चरचरले, आणि तरी ती मोजत होती. पाणी हटत होतं. बोट खडकांकडे तीरासारखी निघाली होती. जन्मात कधी कुणाला हुकूम न केलेली बाई हुकूम करत होती आणि तो ऐकला जात होता. भीतीने तिचे दात वाजत होते. आणि त्यातच, ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण तिला जबरदस्त मजा येत होती.

गोटे बोटीच्या तळाला लागले. तिने एक ठोका दिला. टक. थांब.

पोचल्यावर मागच्याने आधी उतरायचं. बोट मागून हलकी झाली, शेपूट वर आलं. गोट्यांवर पावलं करकरत तिच्या उजव्या बाजूने वर गेली. वहिनीने नजर बोटीच्या टोकावर खिळवून ठेवली होती. तरी डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी ओलं आणि लांब आलंच, आणि निघून गेलं. झुडपं हलली. मग एकदम सगळं स्तब्ध झालं.

तेव्हा तिने मागे पाहिलं. बोट उलटली नाही. मागची सीट रिकामी होती, काठोकाठ पाण्याने भरलेली. आणि त्या पाण्यात नारिंगी टोपी तरंगत होती.

"वहिनी!"

रेडिओ डावीकडच्या उतारावरून घसरत, धडपडत येत होती. चेहरा राखेसारखा झालेला. वहिनीने पंप तिच्या तोंडाला लावला, पाठीवरून हात फिरवला, दोन वेळा दाबला, वाट पाहिली, पुन्हा दाबला. हळूहळू रेडिओच्या ओठांवर रंग आला. बोलण्याजोगा श्वास येताच ती म्हणाली, "मला टाकून गेलीस!"

"तू कुठे होतीस?"

"टोपी आणायला! वर राहिली होती ना खांबावर. सांगितलं होतं मी तुला. उतरताना. तू हो पुढे, बोट पाण्यात घे, मी टोपी घेऊन आलेच. तू हं म्हणालीस!"

वहिनीने रेडिओला नुसतं घट्ट धरलं.

"आणि टोपी नव्हतीच तिथे. मी अख्खा माथा पालथा घातला..." रेडिओची नजर बोटीत गेली. "अगं, ही काय! इथेच आहे की!"

"हात लावू नकोस."

"नवी आहे ती!"

"रेडिओ. हात लावू नकोस." वहिनीने वल्ह्याच्या टोकाने टोपी उचलली आणि गोट्यांवर ठेवली, झुडपांच्या बाजूला. "राहू दे इथे. मी दुसरी घेऊन देते."

तिचा चेहरा बघून रेडिओने जन्मात पहिल्यांदा वाद घातला नाही.

७

पाचला सोळा मिनिटं होती. बावट्याला जेमतेम पाऊण तास, आणि येताना तेवढाच लागला होता.

सीटमधलं पाणी उपसून रेडिओ मागे बसली आणि म्हणाली, "माझ्या पाय टेकवायच्या पट्ट्या कुणी एवढ्या पुढे सरकवल्या? इथे काय उंट बसला होता?"

"घे मागे ओढून. आणि बोलत राहा."

"मला दम..."

"मग गुणगुण. पण आवाज बंद करायचा नाही."

टक टक, रेडिओने दिले. वहिनी वळली, चांगली कमरेतून वळली, आणि तिने मागे बघितलं. लाल झालेलं नाक, विस्कटलेले केस, फाटकी शिट्टी. बोट डगमगली. "अगं, उलटवशील!" रेडिओ किंचाळली. वहिनीला तो आवाज कानात साठवून ठेवावासा वाटला. मग ती समोर वळली.

आता पाणी बाजूने ढकलत होतं. शेडवाल्याने शिकवल्याप्रमाणे वहिनीने नाक तिरपं धरलं, प्रवाहाच्या उलट्या बाजूला. मागून रेडिओची गाडी सुरू झाली. "डावीकडे घे! हळू, एकदम नको. बघ, कसं छान वळलं! आता सोडू नकोस, जोर लाव, अहो बाई, जोर!" डावं वल्हं अर्धा श्वास उशिरा आपटत होतं. गार पाण्याचे सपकारे वहिनीच्या पाठीवर बसत होते. दर सपकाऱ्याला ती हसत होती.

शेडवाला दोरी हातात धरून बावट्याखाली उभा होता. तो एकदा घड्याळाकडे बघायचा, एकदा त्यांच्याकडे. बोट वाळूत घुसली तेव्हा साडेपाचला एक मिनिट होतं, आणि तो बावटा सोडून पाण्यात धावत आला. "जमवलंत की हो!" म्हणाला. "ओहोटीत! आणि दोनदा!" बाकीच्या बोटवाल्यांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी शिट्टीही घातली, चांगली दाण्याची. रंगाचे डबे आले. वहिनीने निळ्यात हात बुडवला आणि बिजागरीच्या वर, ठरवलेल्या जागी, फोडांसकट दाबला. शेजारी रेडिओचा पिवळा. मग वहिनीने ब्रश मागून घेतला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: निघताना पुढच्याने एकदा मागे बघावं.

"हा कुठला नियम?" शेडवाल्याने विचारलं.

"माझा," वहिनी म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

दादाने थर्मासमधून चहा ओतला. त्याच्या आनंदाला नुसतं उधाण आलं होतं. "पण एक सांगा, अर्ध्यावरून परत का फिरलात? काय झकास येत होतात! मी दुर्बिणीतून बघत होतो."

वहिनीने कप खाली ठेवला. "काय दिसलं तुम्हाला?"

"काय म्हणजे? तू पुढे, ही मागे. टोपी दिसत होती ना. मी तर म्हटलं, आज आमचा रेडिओ बंद कसा आणि बसलाय किती ताठ! मी हात केला."

"मग?"

"मग तिनेही केला."

रेडिओने भावाकडे पाहिलं. मग रंगाने माखलेल्या स्वतःच्या हाताकडे. मग, फार सावकाश, वहिनीकडे. तिला सगळं कळत गेलेलं वहिनीला दिसलं. टोपी, पट्ट्या, काठोकाठ भरलेली सीट.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "तू वळली नसतीस, तर दादाने हा चहा कुणाला दिला असता?"

रेडिओ गप्प झाली. पाणी लांब सरकत होतं, आणि ती गप्पच होती. वहिनीच्या मानेखाली पुन्हा ते कोरडं, गार काहीतरी आलं.

"बोल गं," ती म्हणाली. "काहीही बोल. गप्प नको राहूस."

रेडिओने नाक पुसलं. नाकाला पिवळा रंग लागला. "बोलते," ती म्हणाली. "पण आजपासून नुसतं हं चालणार नाही."

"नाही म्हणणार."

"मग ऐक. त्या डॉक्टरीणबाईंचं सांगत होते ना, त्यांनी काल काय केलं माहितेय? सिग्नलला..."

तिघं घराकडे चालायला लागली. दादा खुर्ची आणि थर्मास सांभाळत पुढे, मग वहिनी, मग रेडिओ. सिग्नल संपला, चौक आला, चौकातला पोलीस आला, पोलिसाची बायको आली. वहिनीने शब्द न् शब्द ऐकला, मध्ये दोन प्रश्नही विचारले. फाटकाशी पोचल्यावर तिने कडीवर हात ठेवला, थांबली आणि वळून मागे बघितलं.

रेडिओच होती. अजून बोलत होती. वहिनीने फाटक उघडलं, तिला आधी आत घेतलं, आणि मग कडी लावली.